करडी खार आणि दहा आठवड्यांची मोकळीक

ब्रिटनमध्ये घरामागच्या बागेत पाखरांसाठी शेंगदाण्यांची जाळी टांगली, की पहिलं गिऱ्हाईक बहुधा पाखरू नसतंच. करडी खार येते, मागच्या पायांच्या नख्या फांदीत रोवून उलटी लोंबते आणि निवांत खात बसते. जेमतेम ११ ग्रॅम वजनाची ब्लू टिट तोवर कुंपणावर ताटकळत राहते. त्यामुळे तिथल्या बागवाल्यांच्या आणि रानमालकांच्या तोंडी एक प्रश्न कायम असतो: खारी कमी केल्या तर पाखरं परत येतील का? काही पाखरांच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असं आहे. मात्र खारी कोणत्या महिन्यात कमी केल्या आणि केवढ्या मोठ्या पट्ट्यात केल्या, यावर ते अवलंबून आहे. किती मारल्या, या आकड्याला त्यामानाने फारसा अर्थ नाही, आणि नेमका तोच आकडा लोक अभिमानाने सांगतात.

आपल्या डोळ्यांसमोर खार म्हटलं की पाठीवर पट्टे असलेली, मुठीत मावेल एवढी चिमुरडी येते. सेतू बांधताना रामाला मदत करणारी. तिला मारण्याची भाषा आपल्या कानाला खटकते, आणि खटकावीच. पण ही करडी खार वेगळी. वजन सरासरी अर्धा किलो, चांगल्या मोसमात त्याहून जास्त. मूळ घर उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग. ब्रिटनमध्ये ती माणसाने हौसेने आणली. १८७६ साली चेशरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये टॉमस ब्रॉकलहर्स्ट यांनी ती सोडल्याची पहिली पक्की नोंद आहे. १८९० मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी वोबर्न इथल्या आपल्या जहागिरीत दहा खारी सोडल्या, आणि पुढे तिथूनच देशभर खारींचं वाटप झालं. मोठ्या लोकांच्या बागेत शोभेला असावी म्हणून! १९३७ मध्ये सरकारने कायद्याने आयात आणि पाळणं बंद केलं, पण तोवर ती बागांची कुंपणं ओलांडून गेली होती. २०१८ च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये २७ लाखांच्या आसपास करड्या खारी आहेत. तिथली मूळची तांबडी खार मात्र तीन लाखांच्याही खाली, आणि त्यातल्या बहुतेक स्कॉटलंडमध्ये.

तांबडीची पीछेहाट दोन कारणांनी झाली. कच्ची ओकफळं करडीला पचतात, तांबडीला नीट पचत नाहीत. त्यामुळे एकाच रानात करडीचं पोट आधी भरतं. दुसरं कारण म्हणजे खारींचा देवीसारखा रोग. करडी तो विषाणू अंगावर बाळगते आणि ठणठणीत राहते. तांबडीला तो झाला की पंधरवड्याच्या आत ती बहुधा मरते. झाडांचं नुकसानही डोळ्यांना दिसणारं आहे. एप्रिल ते जुलै या काळात करडी खार बीच, सिकमोर, ओक यांच्या दहा ते चाळीस वर्षं वयाच्या झाडांची साल सोलते. साल खोडाभोवती पूर्ण सोलली गेली तर वरचा भाग वाळतो.

पाखरांचं प्रकरण मात्र इतकं सरळ नाही. म्हणून ते जरा सावकाश पाहू.

खार पाखरांना तीन वाटांनी नडते. पहिली वाट खाण्याची. हिवाळ्यात तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, आणि छोट्या पाखराला तेवढ्या वेळात रात्र काढण्याइतकी चरबी साठवावी लागते. फीडरवर, म्हणजे दाण्यांच्या जाळीवर, खार बसली की सगळी पांगतात. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या उपनगरी बागांमध्ये संशोधकांनी फीडरवर कॅमेरे लावले, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा करड्या खारीच उचलत असल्याचं दिसलं. म्हणजे पाखरांच्या नावाने घेतलेल्या दाण्यांवर माणसं खारीच पोसत होती. दुसरी वाट घरट्याच्या जागेची. स्टार्लिंग, घुबड, रानकबुतरं यांना झाडाची ढोली लागते. खारीलाही लागते, आणि ती जानेवारीतच ताबा घेते. वसंतात जागा शोधत येणाऱ्या पाखराला दार बंद सापडतं.

तिसरी वाट अंडी आणि पिल्लांची. खार मुळात बियांवर जगणारी, पण वसंतात मागच्या वर्षीच्या बिया संपलेल्या आणि नव्या लागायच्या असतात. नेमक्या त्याच आठवड्यांत झुडपाझुडपांत अंडी असतात. घरटं वाटेत आलं तर ती सोडत नाही. प्रत्येक खार घरटी लुटते असं नाही. एखादीला ती सवय लागते.

आता पुरावा. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था पाखरांच्या गणना आणि घरट्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. घरट्यांची नोंदयोजना तर १९३९ पासूनची. या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडभर पाहता, करड्या खारी वाढल्या म्हणून रानपाखरं घटली असं चित्र बहुतेक जातींत दिसलं नाही. घरट्यांच्या पातळीवर मात्र काही जातींत धागा सापडला: ब्लॅकबर्ड, म्हणजे आपल्या कस्तुराच्या कुळातला काळा गाणारा पक्षी, आणि पठाणी होला. जिथे खारी जास्त, तिथे यांची अंडी असतानाच घरटी अधिक फसत होती. दोघांचीही घरटी उघडी, झाडाझुडपांत असतात. खारीच्या रोजच्या वाटेवरच.

ब्रिटनमध्ये १९७० पासून रानपाखरांचा निर्देशांक एक तृतीयांशाहून अधिक घसरला आहे. ते सगळं खापर खारीच्या डोक्यावर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही. हरणं वाढली, त्यांनी जमिनीलगतची झुडपं खाऊन टाकली. पूर्वी दर काही वर्षांनी बुंध्यापर्यंत छाटून पुन्हा फुटू दिली जाणारी हेझलची रानं पडीक राहिली, उंच वाढली आणि खालून भकास झाली. मांजरं आहेत. मॅगपाय आणि ‘जे’ हे कावळ्याच्या कुळातले पक्षी आहेत. माशीमार पक्ष्याच्या घरट्यांवर कॅमेरे लावले तेव्हा अंडी-पिल्लं पळवणारे बहुतेक चोर पक्षीच निघाले, त्यातही ‘जे’ आघाडीवर. तेव्हा खारीचा बंदोबस्त करायचा तो एका कारणाचा बंदोबस्त म्हणून. ज्या बागेत झुडूपच नाही तिथे तो करून ब्लॅकबर्ड येणार नाही.

सुरुवात पिंजऱ्याने करू नये. आधी अन्न बंद करावं. रोज फुकटचे शेंगदाणे मिळणाऱ्या बागेत एक खार काढली तर दुसरी येणारच, कारण तिला बोलावणारी जेवणाची पंगत तिथेच मांडलेली आहे.

फीडर खांबावर लावावा, आणि खांब मोकळ्या जागेत रोवावा. खार आडवी दोन-अडीच मीटर सहज झेप घेते, जमिनीवरून दीड मीटरच्या आसपास उंच उडते, आणि वरून खाली तर त्याहून लांब. म्हणून झाड, कुंपण, कपडे वाळवण्याची दोरी या सगळ्यांपासून खांब किमान तीन मीटर दूर हवा. खांबावर दीड मीटरच्या वर उलट्या घमेल्याच्या आकाराची पत्र्याची टोपी बसवतात; तिच्या खालून चढता येत नाही. फीडरही दोन प्रकारचे मिळतात. एकाला बाहेरून तारेचा पिंजरा असतो. टिट, रॉबिन आत शिरतात, खार बाहेर राहते. (ब्लॅकबर्डही बाहेरच राहतो, हे विकणारे सांगत नाहीत.) दुसरा स्प्रिंगवर चालतो. वजन पडलं की बाहेरचं नळकांडं खाली सरकतं आणि दाण्यांची भोकं बंद होतात. ११ ग्रॅमचं पाखरू आणि ५५० ग्रॅमची खार यांत फरक करणं स्प्रिंगला जड नाही. मात्र खार वरच्या फांदीला लटकून, फीडरवर भार न टाकता खायला शिकते. म्हणजे पुन्हा जागेचाच प्रश्न.

तिखटाचा उपाय ऐकून मराठी घरांत हसू येईल, पण त्यात तथ्य आहे. मिरचीतला जो घटक सस्तन प्राण्यांची जीभ भाजतो, तो पाखरांना जाणवत नाही. तिखट चोळलेले दाणे तिथे बाजारात मिळतात. घरातलं लाल तिखट मात्र वरून भुरभुरवू नये. वाऱ्याने ते पाखरांच्याच काय, आपल्याही डोळ्यांत जातं.

आणखी एक गोष्ट रेडिंगच्याच संशोधकांनी दाखवली, ती फार कमी बागवाले मनावर घेतात. दाण्यांनी भरलेल्या फीडरजवळ त्यांनी नकली घरटी ठेवली, तेव्हा ती दूरच्या घरट्यांपेक्षा जास्त लुटली गेली. दाण्यासाठी आलेला चोर आजूबाजूला नजर फिरवतोच. म्हणून फीडर एका टोकाला आणि दाट झुडपं, घरटेपेट्या दुसऱ्या टोकाला. विणीच्या महिन्यांत फीडर अर्धाच भरावा, आणि दर आठवड्याला घासून धुवावा. घाणेरड्या फीडरवरून पाखरांत रोग पसरतो, तो वेगळाच.

घरटेपेटीचं काम सोपं आहे. ब्लू टिटला २५ मिलिमीटरचं भोक पुरतं, ग्रेट टिटला २८ आणि चिमणीला ३२. खार भोकाच्या कडा कुरतडून मोठ्या करते, म्हणून भोकाभोवती धातूची चकती स्क्रूने बसवावी. भोकापासून तळ चांगला खोल हवा, वीतभर तरी, म्हणजे खारीचा पंजा घरट्यापर्यंत पोचत नाही. पेटीला बाहेर बसायची काडी लावू नये. पाखराला ती लागत नाही, चोराला उपयोगी पडते. लाकडाचा भुसा आणि सिमेंट यांच्या मिश्रणाच्या पेट्या येतात. महाग असतात, पण त्या कुरतडता येत नाहीत.

लहान बागेत बहुतेकांनी इथेच थांबावं असं मला वाटतं. एका बागेत खारी धरत बसणं हे पाझर फुटलेली विहीर वाटीने उपसण्यासारखं आहे. पिंजऱ्याला अर्थ येतो तो काही हेक्टरांचं रान हाताशी असेल, किंवा शेजारचे सगळे मिळून उतरणार असतील तेव्हा.

कारण रिकामी केलेली जागा भरते. आयर्लंडमधल्या रानांत जोरदार मोहीम करून खारी काढल्या, तेव्हा दहा आठवड्यांच्या आत पूर्वीइतक्या खारी परत आल्या. आजूबाजूच्या रानांत जागा न मिळालेल्या खारी असतातच. रिकामं घर त्यांना लगेच कळतं. हे वाचून माणूस हात टेकेल. पण पाखरांच्या बाजूने पाहिलं तर दहा आठवडे थोडे नाहीत. ब्लॅकबर्ड अंडी तेरा-चौदा दिवस उबवतो, पिल्लं आणखी तेवढ्याच दिवसांत घरटं सोडतात. म्हणजे महिनाभरात एक वीण पार. ब्लू टिट एप्रिलच्या उत्तरार्धात आठ-दहा अंडी घालते, दोन आठवडे उबवते, तीनेक आठवडे भरवते. जूनच्या सुरुवातीला तिचं वर्षाचं काम संपलेलं असतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रान खारींपासून मोकळं असेल, तर जूनच्या मध्यापर्यंत ब्लू टिटची सगळी वीण आणि ब्लॅकबर्डच्या दोन विणी त्या मोकळिकीत बसतात. त्यानंतर खारी परत आल्या तरी पिल्लं उडालेली असतात. हेच ऑक्टोबरमध्ये केलं, तर हिवाळ्यात उपासाने मरणारच होत्या अशा खारी आपण धरतो आणि मार्चपर्यंत जागा पुन्हा भरलेली असते. शरदात शिकारीचा मोसम, माणसं मोकळी, खारी जमिनीवर ओकफळं पुरताना सहज दिसतात. म्हणून बहुतेक बंदुका तेव्हाच निघतात. पाखरांना त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

तेव्हा वर्षाची आखणी अशी. शरदात बंदूक न उचलता वर बघायचं: ओक आणि बीचला फळ किती धरलंय? ज्या वर्षी भरपूर धरतं, त्या हिवाळ्यात खारी तगतात, लवकर वितात, आणि पुढचा उन्हाळा जड जातो. करडी खार वर्षातून दोनदा विते. पहिली वीण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, दुसरी उन्हाळ्यात. एका वेळी तीनेक पिल्लं. फळ भरपूर असेल तर पिंजऱ्यांची संख्या आधीच वाढवून ठेवायची.

मुख्य मोहीम जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा रानातलं खाणं आटलेलं असतं, आमिषाला खारी लवकर येतात, पानं नसल्याने त्यांची काटक्यांची घरटी दिसतात. आणि बहुतेक माद्या अजून व्यायलेल्या नसतात. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्च-एप्रिलमध्ये दूध पाजणारी मादी धरली, तर तिची पिल्लं वर घरट्यात भुकेने मरतात. तिथल्या कायद्यात करड्या खारीला मोसमाची सूट नाही, वर्षभर धरता येते. पण कायदा मना करत नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. जानेवारीत मन लावून काम केलं तर एप्रिलमध्ये धरायला थोड्याच उरतात. मग मार्च ते जून अधूनमधून पिंजरे मांडून नव्याने आत येणाऱ्या काढायच्या. त्यात काही आया सापडणार, हे गृहीत धरूनच उतरावं लागतं. ज्याला ते झेपत नाही त्याने फीडर आणि पेट्यांवर थांबावं. त्यात कमीपणा नाही.

पिंजरा तारेचा, जिवंत धरणारा. साधारण हेक्टरला एक. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी सपाट जागा करून, डुगडुगणार नाही असा ठेवायचा. पाय ठेवल्यावर हलला तर खार पुन्हा येत नाही. वरून फांद्या आणि ताडपत्रीचा तुकडा, म्हणजे आत अडकलेल्या जिवाला पाऊस-वारा लागत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिंजरा दिसत नाही. आमिष म्हणून अख्खा पिवळा मका. शेंगदाणे किंवा सूर्यफुलाच्या बिया मूठभर मिसळल्या तर चालतात, पण मग टिट आणि रॉबिन आत शिरतात. मक्याच्या दाण्यात त्यांना रस नसतो.

आता सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. पहिले पाच-सात दिवस दार तारेने उघडं बांधून ठेवायचं आणि नुसता मका घालत राहायचं. आत चार दाणे, दाराशी दोन, बाहेर दोन. खारी येतात, खातात, जातात. मका रोज संपू लागला की दार मोकळं करून पिंजरा लावायचा. हे दिवस गाळले तर धीट खारी तेवढ्या सापडतात आणि बाकीच्या पिंजऱ्याला कायमच्या बिचकतात. लावलेला पिंजरा दिवसातून निदान एकदा, खरं तर सकाळ-संध्याकाळ बघायचा. शनिवारी लावून सोमवारी बघणाऱ्याने पिंजरा घेऊच नये. आठवडाभरात सापडणं थांबलं की पिंजरे पुढच्या पट्ट्यात.

पिंजऱ्यात दुसरा कुठलाही प्राणी-पक्षी सापडला तर तिथल्या तिथे सोडायचा. करड्या खारीच्या बाबतीत उलट: एकदा धरली की ती सोडता येत नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने करडी खार रानात सोडणं गुन्हा आहे. ‘लांब नेऊन सोडू’ ही आपल्याकडे उंदरांच्या पिंजऱ्याबाबत चालणारी युक्ती तिथे चालत नाही. २०१९ पासून तर जखमी खारी बऱ्या करून सोडणाऱ्या केंद्रांचे परवानेही बंद झाले. म्हणजे पिंजरा लावणाऱ्याने मारण्याची तयारी आधी करायची असते, आणि कशी मारायची यालाही बंधन आहे. बुडवणं बेकायदेशीर. २०१० साली स्टॅफर्डशर भागातल्या एका गृहस्थाला पिंजऱ्यातली खार पाण्याच्या पिंपात बुडवल्याबद्दल कोर्टात उभं राहावं लागलं. मान्य पद्धती दोन. खार पिंजऱ्यातून गोणपाटाच्या पोत्यात घेऊन, कोपऱ्यात सरकवून, डोक्याच्या मागच्या बाजूला एकच जोरकस घाव. किंवा पिंजऱ्यातच छऱ्याच्या बंदुकीने डोक्यात जवळून गोळी. दोन्ही जाणकाराकडून शिकून घ्यायच्या. हातात जाड मोजे हवेत, खारीचा चावा हाडापर्यंत जातो. पूर्वी वॉर्फरिन हे विषही वापरत. त्याची परवानगी संपली, आणि आज रानात करड्या खारीसाठी कुठलंच विष घालता येत नाही. झटक्यात मारणारे स्प्रिंगचे सापळे मिळतात, पण सरकारने मान्य केलेलेच वापरायचे, आणि जिथे तांबड्या खारी आहेत तिथे मुळीच नाहीत. तांबडीच्या मुलखात पिंजरे प्रत्येक फेरीनंतर जंतुनाशकाने धुवायचे, नाहीतर रोग आपणच पोचवतो.

पट्टा केवढा हवा, याचे दोन धडे ब्रिटनच्याच इतिहासात आहेत. १९५३ साली सरकारने शेपटीमागे एक शिलिंग इनाम लावलं, पुढे ते दोन शिलिंग झालं. लाखो शेपट्या जमा झाल्या. पाचेक वर्षांत योजना गुंडाळावी लागली, कारण खारी कमी झाल्याच नाहीत. माणसं जिथे खारी मुबलक तिथेच गेली, सोप्या मोसमात गेली, आणि थोड्या उरल्या की दुसरीकडे वळली. इनाम शेपटीवर होतं, रिकाम्या रानावर नव्हतं.

दुसरा धडा वेल्सच्या वायव्येला असलेल्या अँगलसी बेटाचा. बेट म्हणायचं, पण मेनाई सामुद्रधुनीवरचे दोन पूल त्याला मुख्य भूमीला जोडतात, आणि करड्या खारी आल्या त्या बहुधा त्या वाटेनेच. १९९०च्या दशकाच्या शेवटी तिथे तांबड्या खारी चाळीसच्या आसपास उरल्या होत्या. १९९८ पासून खारींचे अभ्यासक क्रेग शटलवर्थ यांच्या देखरेखीखाली पट्ट्यामागून पट्टा करत पिंजरे लावले गेले. शेवटची करडी निघेपर्यंत पंधरा वर्षं लागली. तांबड्या सातशेच्या घरात गेल्या. हे जमलं कारण पाण्याने तीन-चतुर्थांश काम केलं. नव्या खारींना यायला वाटा मोजक्याच होत्या आणि त्यांवर पहारा ठेवता आला. तरी पहारा संपलेला नाही. २०२० च्या अखेरीस पलीकडच्या ग्विनेथ भागात खारींच्या देवीची साथ आली आणि तिथल्या बहुतेक तांबड्या गेल्या. मुख्य भूमीवर एखाद्या रानाला समुद्र नसतो. मग मोकळं शेत, महामार्ग, नदी यांचाच बांध धरून पट्टा आखावा लागतो, आणि त्या बांधाआतले सगळे मालक एकाच आठवड्यात कामाला लागले पाहिजेत. एकाने नाही म्हटलं की त्याचं रान बाकीच्यांना खारी पुरवत राहतं.

माणसाशिवाय हे काम करणारा एक प्राणी आहे: पाइन मार्टेन. मांजराएवढा, चपळ, झाडावर शिकार करणारा. निलगिरी मार्टेन हा त्याचा दक्षिण भारतातला भाऊबंद. आयर्लंडच्या मध्य भागात मार्टेन पुन्हा वाढले, तसतशा करड्या खारी मागे हटल्या आणि तांबड्या परतल्या. २०१४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि पुढे स्कॉटलंडमध्येही तसंच दिसलं. तांबडी खार मार्टेनसोबत हजारो वर्षं राहिली आहे, वास आला की सावध होते. अमेरिकेहून आलेली करडी त्या वासाकडे दुर्लक्ष करून खात राहते. २०१५ ते २०१७ या काळात स्कॉटलंडमधून पन्नासेक मार्टेन मध्य वेल्समध्ये आणून सोडले. नंतर इंग्लंडमधल्या फॉरेस्ट ऑफ डीन या रानातही. मला हा मार्ग पिंजऱ्यापेक्षा आवडतो, पण पाखरांच्या नावाने तो विकला जातो तेव्हा एक गोष्ट सांगायला हवी: मार्टेन अंडी आणि पिल्लंही खातो, आणि साध्या लाकडी घरटेपेट्या तो उघडतो.

सरकारी प्रयोगशाळेत तोंडावाटे देता येईल अशा संततिरोधक औषधावरही बरीच वर्षं काम चालू आहे. औषध हेझलनटच्या लगद्यात घालून पेटीत ठेवायचं, आणि पेटीचं दार असं की ते करडीच्या वजनाला उघडेल, हलक्या तांबडीला नाही. त्यात मारणं नाही. पण खार आपलं आयुष्य जगते, त्या वर्षांत घरटी लुटतच राहते. पाखरांना लाभ लगेच मिळणार नाही.

एवढं करून पाखरं आली का, हे कळायचं तर मोजणी खारी काढण्याच्या आधीच्या वसंतात सुरू करावी लागते, आणि शेजारचं एखादं हात न लावलेलं रानही सोबत मोजावं लागतं. नाहीतर सौम्य हिवाळ्यामुळे सगळीकडेच वाढलेल्या टिटचं श्रेय आपण पिंजऱ्याला देतो. फीडरवर आलेली पाखरं मोजू नयेत. खारी हटल्या की तिथली गर्दी त्याच दिवशी वाढते, पण ती परिसरातलीच पाखरं असतात. मोजायची ती घरटी: किती बांधली, किती अंडी, त्यांतून किती पिल्लं उडाली. घरट्याजवळ वारंवार जाऊ नये, दुरून कॅमेरा लावावा. अंडी गेली तर कोणी नेली तेही त्यात दिसतं. चोर मांजर किंवा ‘जे’ निघाला, तर पुढच्या वर्षी पिंजऱ्यांवर घालवायचे दिवस दुसऱ्या कामाला लावता येतात.

फरक दिसायचा तर आधी ब्लॅकबर्ड आणि होल्याच्या घरट्यांत दिसावा, मग ढोलीत राहणाऱ्यांत. माशीमाराची किंवा विलो टिटची वाट बघत बसू नये. माशीमार हिवाळा आफ्रिकेत काढतो, त्याच्या अडचणी अर्ध्या तिकडच्या आहेत. विलो टिटला ओलसर जागेतलं कोवळं दाट झुडूप आणि कुजकं लाकूड लागतं. ते स्वतः पोखरून ती घर करते. तिच्यासाठी हिवाळ्यात पिंजऱ्यांच्या फेरीवर जाताना करवत सोबत न्यावी, हेझलचा एखादा पट्टा बुंध्यापर्यंत छाटावा, हरणांना अडवायला त्याला कुंपण घालावं आणि पडलेले बर्चचे खुंट उचलून न नेता तिथेच राहू द्यावेत.